चावणारा कुत्रा ठेवू की देऊ? कानबाईच्या रोटाला पुतण्याला चावला

पाचोऱ्याची_सून

नमस्कार सगळ्यांना. लांबलचक होणारे, पण ४ दिवस धड झोप नाहीये म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमच्याकडे जानेवारीपासून एक कुत्रा आहे, भुऱ्या. ३ वर्षांचा असेल, लॅब आणि गावठी मिक्स, लोंबते कान. जळगावच्या एका कुटुंबाची बदली झाली म्हणून त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं की चांगलं घर हवंय. माझी मुलगी ५ वर्षांची, ती फोटो बघून मागेच लागली आणि खरं म्हणजे मलाही हवाच होता, माहेरी शेतात कायम कुत्रं असायचं. ते लोक म्हणाले एकदम शांत आहे, इंजेक्शनं सगळी झालीत, कार्ड शोधून पाठवतो. कार्ड आजपर्यंत आलेलं नाही.

पहिला महिनाभर तो खाटेखालून बाहेर यायला तयार नव्हता. मग हळूहळू रुळला. आता मुलगी शाळेतून यायच्या वेळेला गेटपाशी जाऊन बसतो, संध्याकाळी सासूबाई हरिपाठ म्हणतात तेव्हा त्यांच्या पायाशी पडून असतो. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल हा राक्षस आहे, तो तसा नाहीये.

मार्चमध्ये सासूबाई त्याची ताटली उचलायला गेल्या तर गुरगुरला आणि त्यांच्या हाताला दात लागला, रक्त नाही आलं. मिस्टरांनी चपलेने मारलं. त्यानंतर दोनतीनदा गुरगुरला, प्रत्येक वेळी चप्पल. मग गुरगुरणं बंदच झालं आणि आम्हाला वाटलं सुधारला.

मे महिन्यात, तो उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, भुऱ्या खाटेखाली झोपलेला आणि मिस्टर त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढायला गेले. तळहाताला दोन भोकं पडली. इंजेक्शनं घेतली. मिस्टर म्हणाले माझीच चूक, झोपेत ओढला, सोडून दे.

आणि आता कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, रोट म्हणजे तिचा प्रसाद. जेठ-जेठाणी सुरतहून आले होते, भाऊबंद मिळून घरात तीसेक माणसं, गाणी, वाजंत्री, सगळा गोंधळ. भुऱ्याला मागे बांधलं होतं पण तो इतका ओरडत होता की कुणीतरी दया येऊन सोडला, कुणी ते अजून कळलं नाही. रोटाच्या पंगतीत पुरणपोळीचा तुकडा खाली पडला, भुऱ्याने तो तोंडात धरला, कुणीतरी ओरडलं अरे रोटाचं आहे ते, कुत्र्याला नको, आणि जेठांचा ९ वर्षांचा मुलगा बिचारा मोठ्यांचं ऐकून हात घालायला गेला. गुरगुरला नाही, काही नाही, सरळ चावला. मनगटाच्या वर तीन भोकं, एकातून खूप रक्त. मी त्याला नळाखाली धरून साबणाने धूत बसले, एक काकू मिरची पूड घेऊन आल्या होत्या त्यांना हात लावू दिला नाही. लगेच जळगावला सिव्हिलला नेलं, दंडात इंजेक्शन दिलं आणि जखमेत पण रेबीजविरोधी सिरम टोचलं. त्या वेळी तो जे ओरडला ते अजून कानात आहे माझ्या.

जेठाणी मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त निघताना म्हणाल्या, तुझीही पोरगी लहान आहे गं. त्या एका वाक्याने मी आडवी झाले.

मिस्टर म्हणतात गिरणेच्या पुलापलीकडे सोडून येतो, नाहीतर शेतात नेऊन टाकू. सासूबाई म्हणतात "मुकं जनावर से, त्याले काय समजस", पण त्याही आता लांबूनच भाकर टाकतात. मुलगी विचारते भुऱ्या घरात कधी येणार. तो मागे निंबाखाली बांधलेला आहे, दिवसभर कान झाडत असतो, मी दिसले की शेपटी हलवतो आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

ठेवू का? की देऊन टाकू, आणि देऊ तर कुणाला? कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर सांगा, पण काय घडलं ते खरं सांगा, मनाला बरं वाटावं म्हणून नको.

तापीकाठ

ताई इतकं मनाला लावून घेऊ नका. मी शिरपूरकडचा शेतकरी, आमच्याकडे तीन कुत्री आहेत. घरातला कुत्रा शेतात मोकळा राहिला की आपोआप नीट होतो, चार भिंतींत कोंडलं की जनावर डोकं फिरवतंच. शेतात न्या, राखणही होईल आणि तुमच्या मुलीलाही धोका नाही. घरात लहान लेकरू असताना मी तरी एक दिवस ठेवला नसता.

जनावरांचा_डॉक्टर

ताई, १७ वर्षं ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतोय, मोठा पेशंट म्हणजे म्हैस आणि बैल, पण कुत्री भरपूर बघितलीत.

आधी मुलाचं. तुम्ही वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलंत आणि मिरची लावू दिली नाही, हे सगळ्यात मोठं काम तुम्ही तिथल्या तिथे केलं. वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो, पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, हळद चुना तेल काही लावायचं नाही. रक्त आलं म्हणजे जखमेत सिरम लागतंच, ते झालंय. आता राहिलेले डोस चुकवू देऊ नका. पहिल्या इंजेक्शनचा दिवस म्हणजे ०, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ वा दिवस, दंडाच्या स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. मुलगा सुरतला गेलाय तर तिथल्या सरकारी दवाखान्यात कागद दाखवून पुढचे घेता येतात, जेठाणींना आजच फोन करून विचारा की तिसऱ्या दिवसाचा झाला का.

आता पुलापलीकडे सोडायचं. बाकी सगळं बाजूला ठेवा, फक्त एवढं बघा की चावलेला कुत्रा १० दिवस डोळ्यांसमोर पाहिजे. चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज असेल तर तो या १० दिवसांत आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी धडधाकट खातपीत असेल तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता असं छातीवर हात ठेवून सांगता येतं. तुम्ही त्याला सोडून आलात तर त्या मुलाच्या आईला हे आयुष्यात कुणी सांगू शकणार नाही. इंजेक्शनं मात्र १० दिवसांची वाट न बघता चालूच ठेवायची, पुढे काय करायचं ते त्याचा डॉक्टर ठरवेल. आणि कार्ड नाही म्हणजे भुऱ्याला लस झालेलीच नाही असं धरा, १० दिवस संपले की टोचून घ्या आणि मग दरवर्षी.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, दिवसभर कान झाडतो. लोंबत्या कानाचा कुत्रा, पावसाळा, कान झाडणं, माझी पहिली शंका कानाच्या इन्फेक्शनवर आहे. कान दुखत असेल तर डोक्याजवळ हात आला, पट्टा ओढला की चावणारच, मे महिन्यात मिस्टरांनी नेमका पट्टाच ओढला होता. दात, कंबर आणि गोचीडताप पण बघून घ्या. तपासताना तोंडाला मऊ कापड बांधा, तेही तपासण्यापुरतंच. तुमच्याकडे खासगी व्हेट नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं तिथे न्या.

पण कान बरा झाला की सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही, कारण पहिला आणि तिसरा चावा खाण्यावरून आहे. काही कुत्र्यांना तोंडातला घास कुणी हिसकेल ही भीती इतकी असते की ती चावतात, आणि भुऱ्याने हिसकाहिसकी आधी कुठेतरी सोसलेली दिसते. मार्चमध्ये तो गुरगुरला म्हणजे लांब राहा असं सांगत होता. त्याला त्याबद्दल मार बसला, तर त्याने सांगणं सोडून दिलं, भीती तशीच राहिली. म्हणून कानबाईला काहीच न सांगता चावला. मिस्टरांना दोष देत नाही, आपल्याकडे सगळे हेच करतात, पण आजपासून चप्पल बंद. गुरगुरला की आपण थांबायचं आणि मागे यायचं.

इयन डनबार म्हणून एक पशुवैद्य आहेत, त्यांनी चाव्याच्या ६ पायऱ्या केल्यात, त्यावरून अंदाज घेता येतो. दात लागला पण भोक नाही ती दुसरी पायरी. एका चाव्यात एक ते चार भोकं, आणि खोली सुळ्याच्या निम्म्यापेक्षा कमी, ती तिसरी. त्याहून खोल, किंवा धरून झटकलं असेल तर चौथी, आणि चौथीपासून पुढे माझा सल्ला एकदम वेगळा असतो. तुमचं वर्णन तिसरीचं वाटतंय. त्याने चावून लगेच सोडलं की धरून हलवलं, हे आठवून सांगा.

तिसरी पायरी असेल तर सांभाळता येतो, पण घर बदलावं लागतं. जेवण बंद खोलीत, तो खात असताना कुणी आत जायचं नाही, ताटली तो बाहेर आल्यावरच उचलायची. तोंडात काही धरलं तर हात न घालता लांबून अंडं नाहीतर चिकनचा तुकडा फेकायचा, तो तिकडे गेला की मग पहिली वस्तू उचलायची. झोपेत हात लावायचा नाही, हाक मारून उठवायचं. मुलगी आणि तो एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ५ मिनिटं पण नाहीत. आणि नसबंदी केली की चावणं थांबतं असं कुणी सांगेल, नसबंदी जरूर करा, पण अशा भीतीच्या चावण्यावर ती इलाज नाही.

आखाजीचा_झोका

मी नाशिकला असते, माहेर अमळनेर. डॉक्टरांचं सगळं पटलं तरी मी देऊन टाका म्हणेन.

आमच्या मुलीला वरच्या ओठाला चावला होता आमचाच कुत्रा, टाके पडले. ती तेव्हा ४ वर्षांची होती. लहान मुलाचं तोंड बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं ताई, मोठ्याला हाताला चावतो तोच चावा लेकराला चेहऱ्यावर बसतो. आम्ही पण आधी दारं लावायचं ठरवलं होतं. मी लावायचे, नवरा लावायचा, आणि एक दिवस गॅसवाला आला आणि दार उघडं राहिलं. तुमच्या घरी कानबाईला हेच झालं ना, कुणीतरी दया येऊन सोडला. घरात ज्येष्ठ माणूस, येणारेजाणारे, भाऊबंद, किती जणांना किती दिवस सांगत बसणार.

आम्ही एका निवृत्त जोडप्याला दिला, घरात लहान कुणी नाही, सगळं सांगून दिला, ओठाचा फोटो पण दाखवला त्यांना. मिळायला ५ महिने लागले, तोपर्यंत मुलगी आजीकडे. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तिच्या ओठावरचा व्रण मी रोज बघते.

चाळीसगाव_लाइन

पुलापलीकडे सोडणं हा गुन्हा आहे एवढं मिस्टरांना सांगा. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात कलम ११ मध्ये पाळीव जनावर सोडून देणं येतं. आणि चावतो हे माहीत असून बेफिकीर राहिलं तर मालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नगरपालिकेच्या गाडीला देऊ असंही कुणी सुचवेल, तर ती गाडी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी असते, नसबंदी आणि लस करून पुन्हा त्याच भागात सोडायला. घरचा कुत्रा नकोसा झाला की टाकायची ती जागा नाही.

केळीचा_मळा

मी रावेर तालुक्यातला. वर तापीकाठवाले दादा म्हणाले शेतात न्या, त्यावर लिहायचंय. आजपर्यंत हे कुठे लिहिलं नव्हतं.

आमचा कुत्रा वडिलांना दोनदा चावला होता, दोन्ही वेळा भाकरीवरून. घरात माझी लहान पोरं. मग सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं, मळ्यात नेऊन सोडला, मोकळी हवा, पाटाचं पाणी, आम्हाला वाटलं त्याचंही भलं झालं. घरातला घोर गेला.

मळ्यात आमचा सालदार राहायचा, सातपुड्यातला पावरा आदिवासी, बायको आणि दोन लेकरं, पंपाच्या खोलीला लागून झोपडी. कुत्रा चावतो हे मी त्याला सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवून नाही, पण सांगितलं नाही हे खरं. त्याची धाकटी ४ वर्षांची, झोपडीच्या दारात भाकर खात बसली होती. गालाला चावला.

तालुक्याला लस मिळाली, सिरमसाठी तिला जळगावला न्यावं लागलं, मीच माझ्या गाडीत नेलं. पूर्ण रस्ताभर तिची आई एक शब्द बोलली नाही. पोरगी वाचली, गालावर खूण राहिली. सालदाराने मला कधी विचारलं नाही की भाऊ तुम्हाला माहीत होतं का. मी वाट बघत होतो त्याने विचारायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालाचा हिशोब झाला, पैसे मोजून घेतले, राम राम केला आणि दुसऱ्या गावाला साल धरलं. सहा वर्षं होता तो आमच्याकडे.

शेत रिकामं नसतं हो. मजुरांची लेकरं असतात, निंदायला आलेल्या बाया झाडाखाली भाकरी सोडून बसतात, केळीची गाडी भरायला पोरं येतात. आपण आपल्या लेकराच्या अंगावरून धोका उचलतो आणि त्यांच्या लेकरावर नेऊन ठेवतो, आणि त्यांना तर नाही म्हणायची सोय पण नसते.

त्या कुत्र्याला मी परत घरी आणला. मागे जाळी मारून खोली केली, तीन कुलपं म्हणा, आणि मरेपर्यंत मीच सांभाळला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ताई तुम्ही ठेवा नाहीतर द्या, दोन्ही समजू शकतो. पण ज्याला द्याल त्याला तीन चावे बोटं मोजून सांगा.

तापीकाठ

केळीचा मळावाले भाऊ, वाचलं. माझ्याकडे पण सालदाराची पोरं आहेत. आमची कुत्री चावरी नाहीत पण मी हा विचार केला नव्हता हे कबूल करतो. ताई माझं शेतात न्यायचं सांगणं मागे घेतो.

पाचोऱ्याची_सून

९ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे उत्तर द्यायचे राहिले होते.

पहिलं म्हणजे १० दिवस होऊन गेले आणि भुऱ्या व्यवस्थित आहे, खातो पितो. हे मी जेठाणींना फोन करून सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या, मग मी पण. मुलाचे डोस तिकडे सुरतला चालू आहेत, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचा वेळेवर झाला, जखम सुकली.

डॉक्टर, चावून लगेच सोडलं होतं त्याने, झटकलं नाही, मी समोरच होते. आणि तुमची शंका खरी निघाली. इथल्या व्हेटने कान उलटून बघितला तर आत काळपट घाण आणि वास असा की मिस्टर दोन पावलं मागे सरले. दोन्ही कान. म्हणाले ही कितीतरी महिन्यांची तक्रार आहे. इतके दिवस तो दुखणं घेऊन आमच्यात वावरत होता आणि मी रोज त्याच्या डोक्यावर हात फिरवायला जायचे. औषध सुरू केलंय, रेबीजची लस पण परवा टोचून घेतली, आता कार्ड माझ्या हातात आहे.

ज्यांच्याकडून आणला त्यांना मी फोन केला. भांडायला नाही, विचारायला. पहिले म्हणाले नाही हो, मग म्हणाले आजोबांना दोनदा चावला होता, सांगितलं असतं तर कुणी घेतलाच नसता. मी काही न बोलता फोन ठेवला. त्याच रात्री मिस्टरांना केळीचा मळावाल्या भाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग उठून मागे जाऊन निंबाखाली उभे राहिले. सकाळी वेल्डिंगवाल्याला बोलावून मागच्या पडवीला जाळीचा दरवाजा करायला माप दिलं. पुलाचं नाव त्यानंतर काढलं नाही.

आखाजीचा झोका ताई, तुमचं लिहिलेलं मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुमच्यामुळे जाळीचे दरवाजे दोन केले, एक उघडा राहिला तरी दुसरा असेल. दोन्हीला वर कडी, मुलीचा हात पोहोचत नाही अशी. सध्या असं ठरलंय की दिवाळीपर्यंत बघायचं. तेवढ्यात मुलीच्या दिशेने नुसता गुरगुरला तरी लहान मूल नसलेलं घर शोधायला लागायचं, आणि शोधायला वेळ लागेल तोवर मुलगी आणि मी माहेरी. तीन चावे तारखांसकट आणि ते आजोबांचे दोन, असं सगळं मी एका कागदावर लिहून ठेवलंय, जो कुणी घेईल त्याला आधी तो कागद. दिवाळीला जेठ येणार आहेत तेव्हा भुऱ्या घरात नसेल, मीच त्याला घेऊन दोन दिवस माहेरच्या रिकाम्या खोलीत राहीन, सासूबाईंनी हो म्हटलंय, आणि लक्ष्मीपूजनाला सून घरात नाही हे त्यांच्यासाठी सोपं नाहीये.

मुलीला सांगितलंय भुऱ्याचा कान दुखतोय म्हणून आता तो जाळीत राहणार. ती जाळीच्या अलीकडे पाट टाकून बसते आणि त्याला कविता म्हणून दाखवते, मी शेजारी बसलेली असते. तो ऐकतो.

एक विचारायचं होतं. व्हेट म्हणाले बाहेर नेताना आणि कानात औषध घालताना मुसकं घाला. बाजारात कापडाचं मिळालं, ते घातलं की तो धापा टाकतो आणि पंजाने ओढतो. कोणतं घ्यायचं आणि माप कसं घेतात?

धुळ्याची_मावशी

ताई कापडाचं परत करा. ते तोंड आवळून बंद करतं, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः तोंड उघडून धापा टाकूनच तो अंग गार करतो, आपल्याकडच्या उन्हात ते घालून फिरवलं तर जिवावर बेतेल. व्हेटकडे दोन मिनिटांच्या तपासणीपुरतं ठीक. तुम्हाला जाळीचं पाहिजे, पिंजऱ्यासारखं, कोळपणीला बैलांना घालतो ना तसंच, आत तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, खाऊ पण देता येतो. मी रस्त्यावरची जखमी कुत्री सांभाळते, माझ्याकडे चार मापांची आहेत.

आणल्या आणल्या चढवू नका. आत तळाला दही नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक लावून नुसतं समोर धरा, तो स्वतः तोंड घालून चाटेल, पट्टा लावायचा नाही. चारपाच दिवस असंच. मग पट्टा क्षणभर लावून लगेच काढायचा, मग थोडं जास्त. माझ्याकडच्या एका कुत्रीला तीन आठवडे लागले, आता मुसकं दिसलं की पळत येते कारण तिच्यासाठी ती दह्याची वाटी आहे. आणि कानाचं औषध तो मुसक्याला सरावेपर्यंत व्हेटकडूनच घालून घ्या, नाहीतर मुसकं म्हणजे कान दुखणार असं त्याच्या डोक्यात बसेल आणि सगळं फुकट.

मापाला शिवणाची टेप घ्या. लांबी नाकाच्या टोकापासून दोन डोळ्यांच्या अर्धा इंच अलीकडपर्यंत. घेर डोळ्यांच्या इंचभर खाली, जिथे थोबाड सगळ्यात जाड आहे तिथे, आणि तोंड थोडं उघडं असताना घ्या, तो धापा टाकत असताना. बंद तोंडाचं माप घेतलं की मुसकं आत घट्ट बसतं. टेप त्याच्या नाकाजवळ न्यायच्या आधी एकदोन दिवस तीच टेप जमिनीवर टाकून शेजारी खाऊ ठेवा, नवीन वस्तू एकदम डोक्याकडे नेऊ नका त्याच्या. माप इथे टाका, माझ्याकडचं बसत असेल तर धुळे-चाळीसगाव गाडीने कुणासोबत तरी पाठवून देते, चाळीसगावला उतरवून घ्या.